किशनराव वाबळे यांची हरकत

सकाळी साडेदहाला किशनराव वाबळे नगरपालिकेच्या पायरीवर थांबायचे. डोक्यावरची पांढरी टोपी काढून, घडी करून खिशात घालायचे. पिशवीतून काळी टोपी काढून ती चढवायचे. एवढं झालं की मग ते तुम्हाला ओळखत नसत. तुम्ही त्यांचे सख्खे शेजारी असा, नाहीतर पाव्हणे असा.

मी दोन्हीकडून सापडलो होतो. आमच्या गल्लीत माझ्या भाड्याच्या खोलीसमोर त्यांचं घर, आणि नगरपालिकेत त्यांच्या टेबलाला चिकटून माझं टेबल. ते पाणीपुरवठ्याचे हेडक्लार्क, मी जन्ममृत्यूचा कारकून. रोज आम्ही घरून सोबत निघायचो. वाटेत ते माझ्या हातातले फुटाणे खायचे. पायरी चढून आत गेलो, आणि मी एखादी टाचणी मागितली, की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आपले काय काम आहे?"

"काका, टाचणी पाहिजे."

"मागणी लेखी द्यावी."

सुरुवातीला मला वाटायचं, थट्टा करून राहिले. पण नाही हो. एकदा खरंच लेखी दिली तेव्हा टाचणी मिळाली, आणि पोच म्हणून सही घेतली ती वेगळीच.

त्यांची आणखी एक गंमत होती. पांढऱ्या टोपीतले किशनराव जवळजवळ मुकेच. "बरं हाय का काका?" म्हटलं की "हां." "पाऊस येईल का?" "हां." "तुमची म्हैस मेली म्हणे." "हां." त्यापुढे गाडी जायची नाही. काळी टोपी चढली रे चढली, की ह्याच माणसाच्या तोंडून छापील मराठी धो धो वाहायला लागायची. सबब, तथापि, उपरोक्त, सदरहू. आमच्या मुख्याधिकाऱ्यांनासुद्धा कधीकधी मलाच विचारावं लागायचं, "वाबळे आत्ता हो म्हणाले का नाही म्हणाले?"

घरी नळ घ्यायचा ठरला तेव्हाची गोष्ट तर साऱ्या गावाला पाठ आहे. घर होतं त्यांच्या बायकोच्या, रुखमाकाकूंच्या नावावर, काकूंच्या वडिलांनी दिलेलं. तेव्हा अर्ज काकूंचाच पाहिजे. दुसरा कोणी असता तर कागद घरी नेऊन अंगठा घेतला असता. किशनराव म्हणाले, ऑफिसचं काम ऑफिसात. मग बिचाऱ्या रुखमाकाकू डोक्यावरून पदर घेऊन खिडकीपुढच्या रांगेत उभ्या. सोबत गल्लीतल्या चार बाया, तमाशा बघायला.

"नाव?" किशनरावांनी मान वर न करता विचारलं.

"रुखमाबाई."

"पतीचे संपूर्ण नाव?"

आता आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेईल होय? काकू लाजेनं लाल झाल्या. "असं काहून करून राहिले हो? म्हाईत न्हाई का तुमाला?"

"रांग खोळंबली आहे. नाव सांगावे."

काकूंनी बोट दाखवलं. "हेच की."

"'हेच' असे नाव नोंदता येत नाही."

शिपायाला दया आली. तो म्हणाला, "साहेब, किशनराव वाबळे लिहा की." तर ते त्याच्यावरच उखडले. "आपण अर्जदार आहात काय?"

शेवटी मागच्या बाया ओरडल्या, "काकू, उखाणा घ्या, उखाणा!" आणि काकूंनी तिथं, नगरपालिकेच्या खिडकीत, डोळे मिटून घेतला:

"घरात पाणी न्हाई, कोरडा पडला रांजण,
किशनरावांचं नाव घेते, आता तरी लिहा आपण!"

सारं ऑफिस हसून लोळलं. किशनरावांची मिशीसुद्धा हलली नाही. त्यांनी नाव लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "पुढील अर्जदार." त्या रात्री काकूंनी त्यांना पिठलं वाढलं ते बिनमिठाचं, आणि त्यांनी ते मुकाट खाल्लं, असं आमच्या मंडळीनं सांगितलं.

नळ आला. पण काकू काही गल्लीच्या कोपऱ्यावरचा सरकारी नळ सोडीनात. रोज सकाळी दोन घागरी घेऊन तिथं हजर. पाणी भरून झालं तरी घागरीवर हात ठेवून दोन-दोन तास बसायच्या. कोणाची सून नांदायला आली, कोणाच्या भाकरी करपल्या, कोणाचं लेकरू कुंथून राहिलं, सगळं तिथं. आमची मंडळी म्हणायची, "घरात नळ असून बाईला चैन पडंना." मला वाटायचं, काकूंना घरच्या नळाचं पाणी गोड लागत नसावं. माणूस शेजारी राहूनही किती आंधळा असतो बघा.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नदीवरच्या पंपाचं वीजबिल वाढलं, पाण्यात टाकायची पावडर महागली, नवीन सिमेंटच्या नाल्या बांधल्या त्यांची सफाई आली. पट्टी मात्र जुनीच. मुख्याधिकारी म्हणाले, "वाबळे, आता दर वाढवल्याशिवाय पंप चालायचा न्हाई. प्रस्ताव करा."

किशनरावांना दिवाळी आल्यासारखं झालं. आठ दिवस ते काळी टोपी घालून, हातात खडू घेऊन, गल्लीगल्ली फिरले. नळ असलेल्या घराच्या दारावर फुली. आमच्या दारात आले तेव्हा मी उघडाच दात घासत होतो. मला म्हणाले, "घरमालक कोठे आहेत?" मी म्हटलं, "काका, मी हाय की." म्हणाले, "आपण भाडेकरू दिसता." आणि फुली मारून गेले.

प्रस्ताव चौदा पानी झाला. मतलब तीनच गोष्टींचा. नळपट्टी वाढवावी. नालीपट्टी नव्यानं बसवावी. आणि ज्या गल्लीत घरोघर नळ झाले आहेत तिथला सरकारी नळ बंद करावा, कारण तिथं पाणी फुकट वाहतं आणि त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. जिथं घरात नळ नाहीत तिथला सरकारी नळ मात्र हलवू नये. ही शेवटची ओळ त्यांनी स्वतःहून घातली होती. त्यांनी मला दाखवली नाही, मीच टाइप करणाऱ्याच्या खांद्यावरून वाचली. कायदेशीर दृष्टीनं चोख काम होतं.

मग दवंडी. किशनरावांनी दवंडीचा मजकूरही लिहून दिला, "तमाम करदात्या नागरिकांस जाहीर करण्यात येते की" असा. आमचा दवंडीवाला निरक्षर. त्यानं दोनदा ऐकला, मान डोलावली, आणि चौकात जाऊन हलगी बडवून ओरडला, "ऐका हो ऐका! नळाची पट्टी वाढून राहिली! नालीची बी बसून राहिली! ज्याला बोंबलायचं असल त्यानं म्हयन्याच्या आत कागदावर बोंबलावं हो!"

लोकांना ते बराबर समजलं. हरकतींचा पाऊस पडला. एका व्यापाऱ्यानं लिहिलं, माझ्या घराला नाली नाही, माझं सांडपाणी मागच्याच्या दारात जातं, तरी नालीपट्टी त्याच्याकडून घ्यावी. मागच्यानं लिहिलं, त्याचं पाणी माझ्या दारात येतं, तरी नगरपालिकेनं मला भाडं द्यावं. वसमतहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी लिहिलं, वसमतला पाणी गोड होतं. एवढंच. हरकत कशाला ते नाही. किशनराव प्रत्येक कागद दोन्ही हातांनी घ्यायचे, शिक्का मारायचे, पोच द्यायचे, आणि रात्री नव्हे, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नव्हे, ठरल्या वेळेत बसून प्रत्येकावर अभिप्राय लिहायचे. बहुतेकांवर एकच: "सबब हरकत फेटाळावी."

एकच हरकत त्यांनी उभं राहून घेतली. बौद्धवाड्यातले साळवे गुरुजी घेऊन आले होते. आमच्या वाड्यात एकाही घरी नळ नाही, अनामत भरायची कोणाची ऐपत नाही, तरी आमचा नळ कायम राहील हे नगरपालिकेने लिहून द्यावे, नुसत्या बोलण्यावर आमचा विश्वास नाही, असं त्यांनी स्वच्छ अक्षरात मांडलं होतं. किशनरावांनी वाचलं आणि म्हणाले, "मुद्देसूद आहे." एवढी स्तुती मी त्यांच्या तोंडून कोणाची ऐकली नव्हती. त्यावर अभिप्राय पडला: मान्य करावी.

मुदतीचा शेवटचा दिवस. मी जरा लवकर आलो, तर ऑफिसच्या खिडकीबाहेर पांढरी टोपी घालून किशनराव उभे. हातात घडी केलेला कागद. खिडकीत कोणीच नाही.

"काका, आत चला की."

"हां," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

साडेदहा झाले. मग ते कागद खिडकीच्या कडप्प्यावर ठेवून पायरीवर गेले, टोपी बदलली, आत येऊन टेबलाशी बसले, खिडकी उघडली, आणि कडप्प्यावरचा तो कागद उचलून घेतला. उघडला, वाचला, शिक्का मारला. पोचपावती फाडून कडप्प्यावर ठेवली. मग उठले, बाहेर जाऊन टोपी बदलून खिडकीपाशी आले, पावती उचलून खिशात घातली, पुन्हा टोपी बदलून आत आले. मी आणि शिपाई तोंडात बोटं घालून बघत होतो.

"काका, कशाची हरकत घेतली?"

"अर्जदारास विचारावे."

"अर्जदार तुमीच हाव की!"

"अर्जदार साडेपाचनंतर भेटतील."

साडेपाचनंतर विचारलं तर म्हणाले, "हां."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. मधोमध नगराध्यक्ष, हळदीचा मोठा व्यापारी, दांडगा पण दिलाचा माणूस. बाजूला मुख्याधिकारी. टेबलाच्या टोकाला किशनराव, काळ्या टोपीत, नावं पुकारायला. मागं भिंतीशी बाया, त्यात आमची मंडळीही होती. रुखमाकाकू नव्हत्या. त्यांना त्या उखाण्यापासून नगरपालिकेची पायरी चढायची लाज वाटायची.

दुपारपर्यंत नालीवाले आणि त्यांचे मागचेपुढचे भांडून गेले. साळवे गुरुजी उभे राहिले, शांतपणे बोलले, आणि नगराध्यक्षांनी तिथल्या तिथं लिहून दिलं, वाड्याचा नळ कायम. बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग किशनराव उभे राहिले आणि मोठ्यानं पुकारलं, "किशन मारोती वाबळे!"

कोणी उठलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. लोक खुसखुसायला लागले. तिसऱ्यांदा पुकारलं, टोपी काढून टेबलावर ठेवली, वळसा घालून समोर आले, आणि हात जोडून उभे राहिले.

"आरं, तुमीच का!" नगराध्यक्ष हसले. "बोला वाबळे, तुमाला कशाची तकलीफ हाय?"

किशनराव बोलेनात. ओठ हलायचे, आवाज नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सारं सभागृह हसत होतं. काळ्या टोपीवाचून हा माणूस फक्त हां म्हणू शकतो, हे मला ठाऊक होतं.

"बरं बरं, कागद वाचा कोणीतरी," नगराध्यक्ष म्हणाले. जवळ मीच होतो. मी फाईल ओढली आणि वाचायला लागलो.

"मी, किशन मारोती वाबळे, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील सार्वजनिक नळ बंद करण्यास हरकत घेतो. कारणे खालीलप्रमाणे. एक, माझ्या घरी नळ आहे व त्यास पाणी पुरेसे येते. दोन, तरीही माझी पत्नी रोज सदर नळावर जाते. आम्हांस मूलबाळ नाही. घरात बोलणारे तिसरे माणूस नाही. तीन, दुसरे माणूस मी आहे. परंतु मला घरी बोलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला आहे. चार, दिवसाकाठी दोन तास तिला जी माणसे मिळतात, ती सदर नळाबरोबर बंद होतील. सबब सदर नळ चालू ठेवावा, ही विनंती."

हसणं कधीच थांबलं होतं. मागं आमची मंडळी पदर डोळ्याला लावून उभी. माझाही आवाज शेवटी फाटला, खोटं कशाला सांगू.

"हेडक्लार्कचा अभिप्राय काय हाय?" नगराध्यक्षांनी हळूच विचारलं.

मी पान उलटलं. त्याच वळणदार अक्षरात होतं: "अर्जदाराने लिहिले ते खरे आहे. मला माहीत आहे. तथापि सदर गल्लीत प्रत्येक घरी नळ आहे. सबब हरकत फेटाळावी."

"ओ वाबळे," नगराध्यक्ष म्हणाले, "आवो तुमच्याच हातचं हाय. खोडा ते. एका नळानं काय बुडून राहिली नगरपालिका?"

किशनरावांनी टेबलावरची टोपी उचलली. घातली. मग आवाज आला, पण रोजचा नव्हे, घोगरा. "नाही साहेब. साळवे गुरुजींचा नळ ज्या नियमाने राहिला, त्याच नियमाने हा जातो. आज माझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्या दुसरा कोणी तोच नियम वाकवून त्यांचा नळ काढील." आणि जागेवर जाऊन त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

पट्टी वाढली, नालीची बसली, आणि पंधरा दिवसांत आमच्या कोपऱ्यावरचा नळ काढायला माणूस आला. किशनराव स्वतः उभे राहून नोंद करत होते. बाया बघत राहिल्या. रुखमाकाकू रिकाम्या घागरी घेऊन आल्या तशाच परत गेल्या. मला त्या माणसाचा असा संताप आला! सुनावणीत माझे डोळे पाणावले होते, ते गेलं कुठल्या कुठं. संध्याकाळी वाटेत मी त्यांना आडवलं. "काका, नगराध्यक्षांनी स्वतः सांगितलं, ठेवा म्हणून. काकूंची तुमाला दयामाया हाय का न्हाई?"

"हाय," ते म्हणाले. 'हां' नव्हे, 'हाय'. आणि खाली मान घालून निघून गेले. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझी मंडळी काकूंकडं जाऊन बसायची, पण तिला घरचं, लेकरांचं करून किती वेळ मिळणार?

मग आम्ही आठ दिवस नरसीला सासुरवाडीला गेलो. परत आलो त्या संध्याकाळी अजून उजेड होता. एसटीतून उतरून पेटी घेऊन गल्लीत शिरलो, तर किशनरावांच्या घराकडून त्यांचा आवाज. त्यांच्या घराकडून! मी थबकलो. मंडळीनं मागून ढोसलं, "काहून थांबले?" मी तिला गप्प राहायची खूण केली.

ओट्यावर काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. किशनराव समोर मांडी घालून, उघड्या डोक्यानं, घसा खाकरून बोलत होते.

"आज एकूण नऊ पत्रे आली. पैकी पहिले, पलीकडच्या आळीतील इसमाचे. त्याचे म्हणणे असे की, शेजाऱ्याची बकरी त्याच्या नळास तोंड लावून पाणी पिते. सबब पट्टी अर्धी बकरीवाल्याकडून घ्यावी."

"अगं बाई! मंग?"

"मग सदर इसमास विचारण्यात आले, बकरीस तोटी उघडता येते काय?"

"मंग?"

"तो म्हणाला, येते."

काकू अशा हसल्या की सुपातल्या शेंगा सांडल्या. किशनराव तसेच गंभीर. त्यांनी दुसरं पत्र सांगितलं, तिसरं सांगितलं. कपाळावर घाम आला होता, पण नवव्यापर्यंत नेटानं गेले. नववं संपलं. आता त्यांच्याकडं सांगायला काही उरलं नाही, हे मला समोरून दिसत होतं. ते हात चोळत राहिले. काकू सुपाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता हा माणूस उठून आत जाणार.

त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग जमिनीकडं बघत, अगदी हळू, आमच्या गावच्या साध्या बोलीत विचारलं, "अन् तू? तू काय केलंस दिसभर?"

काकूंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडं नीट बघून घेतलं. "थांबा," म्हणाल्या, "चुलीवर दूध हाय." लगबगीनं आत गेल्या, दूध उतरवून ठेवलं, परत येऊन पदर सावरून पुढ्यात बसल्या, आणि पहाटे उठल्यापासून सांगायला लागल्या.